कॅम्प : मुक्कामाला आला आणि भिंगारात राहून गेला

१/ अहिल्यानगर शहराच्या पूर्वेस, भुईकोट किल्ल्याच्या पलीकडे भिंगार आहे. तेथील पोलीस ठाण्याचे नाव 'भिंगार कॅम्प'. पत्त्यात कॅम्प, दुकानाच्या पाटीवर कॅम्प, रिक्षावाल्याच्या तोंडी कॅम्प. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ चार दिवस राहायचे आणि उठून जायचे ठिकाण असा आहे. भिंगारचा कॅम्प मात्र दोनशे वर्षे झाली तरी उठलेला नाही. तात्पुरतेपणा सांगणारा शब्द एका गावाचे कायमचे नाव कसा झाला, हे समजण्यासाठी आधी रोमपर्यंत जावे लागते आणि मग पुन्हा नगरला परतावे लागते.

२/ मूळ शब्द लॅटिन 'काम्पुस'. अर्थ अगदी साधा : सपाट, मोकळे मैदान. आपण ज्याला माळ म्हणू, तेच. त्यात सैन्य नाही, तंबू नाही. रोम शहराच्या वेशीबाहेर असे एक प्रसिद्ध मैदान होते, युद्धदेव मार्सच्या नावाचे. तेथे तरुण रोमन शस्त्रविद्येचा सराव करत आणि नागरिक मतदानासाठी जमत. मैदानाचा आणि फौजेचा संबंध असा सरावातून जडला, आणि पुढे शब्दालाही तो चिकटला.

३/ हा शब्द इंग्रजीत एकदा नव्हे, दोनदा आला. पहिल्यांदा फार जुन्या काळी, जर्मानिक टोळ्यांच्या बोलीतून. तेव्हा त्याचा अर्थ 'लढाई' असा होता, कारण लढाई मैदानात होते. जर्मन भाषेतला 'काम्फ' म्हणजे संघर्ष, हा त्याचाच भाऊ. इंग्रजीतला हा जुना शब्द पुढे लोप पावला. सोळाव्या शतकात तोच शब्द इटालियन आणि फ्रेंच मार्गाने पुन्हा आला, या वेळी 'फौज उतरते ती जागा' या अर्थाने. आजचा कॅम्प हा दुसरा.

४/ या कुळातले इतर शब्द आपल्या रोजच्या वापरात आहेत. मैदानात उतरून लढणारा तो चॅम्पियन. युरोपात फौजा उन्हाळ्यात उघड्या मुलखात उतरत आणि हिवाळ्यात परतत. त्या मोसमी लढाईचे नाव कॅम्पेन, आणि आता निवडणुकीच्या प्रचारालाही तेच नाव. विद्यापीठाच्या आवाराला कॅम्पस म्हणण्याची प्रथा अमेरिकेतल्या प्रिन्स्टनची, १७७४ सालची. महाविद्यालयाच्या कॅम्पसवर फिरणारा विद्यार्थी आणि भिंगार कॅम्पात कवायत करणारा जवान शब्दांच्या नात्याने एकाच माळावर उभे आहेत.

५/ गंमत अशी, की खुद्द रोमन सैनिक आपल्या तळाला 'काम्पुस' म्हणत नसत. त्यांचा शब्द 'कास्त्रा'. रोमन फौजा ब्रिटनमध्ये जिथे जिथे कास्त्रा ठोकून बसल्या, तिथे पुढे बाजार भरले, वस्ती वाढली, फौज निघून गेली आणि गावे उरली. चेस्टर, मँचेस्टर, विंचेस्टर, लँकेस्टर या नावांच्या शेवटी तोच कास्त्रा दडला आहे. म्हणजे परक्या फौजेच्या तळाचे गाव होणे, हा अनुभव भिंगारला येण्यापूर्वी दीड हजार वर्षे इंग्रजांच्या स्वतःच्या भूमीने घेतला होता.

६/ मराठीत या कल्पनेसाठी शब्दांची वाण कधीच नव्हती. संस्कृतातून 'शिबिर' आणि 'कटक' आले. फारसीतून 'लष्कर' आले. 'तळ' आणि 'गोट' तर रोजच्या बोलण्यातले. इंग्रजीत राजकीय पक्षाच्या बाजूला कॅम्प म्हणतात, तसे मराठी वर्तमानपत्रे आजही 'विरोधी गोटात हालचाल' असे छापतात. 'कटक' हा शब्द ओडिशातल्या शहराच्या नावात टिकला आहे, आणि छावणीच्या कारभारी मंडळाला सरकारी मराठीत 'कटक मंडळ' म्हणतात.

७/ या सर्वांत अर्थाने सर्वांत बोलका शब्द 'छावणी'. संस्कृत 'छद्' म्हणजे झाकणे, त्यावरून छप्पर, आच्छादन, छावणी. मोहिमेवरची फौज तंबूत राही, पण पावसाळ्यात तंबू टिकत नाहीत. मग गवताची, पाल्याची छपरे घालून फौज एका जागी बसे. तीच छावणी. दसऱ्याला सीमोल्लंघन झाले की ती मोडायची. शब्दातच तिची मुदत सांगितलेली आहे : पाऊस आहे तोवर.

८/ भिंगारचे नाव इतिहासात येते तेच एका बेसावध छावणीमुळे. १४९० साली बहमनी सरदार जहांगीर खान हा बंडखोर मलिक अहमदवर चालून आला आणि त्याने भिंगारला तळ दिला. पावसाळा तोंडावर होता. आता कोण येतो, अशा समजुतीत फौज गाफील राहिली. २८ मे १४९० रोजी मलिक अहमदने अचानक छापा घालून तो तळ उधळला. ही हकिगत फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. त्याचे बालपण अहमदनगरच्या दरबारातच गेले होते.

९/ या विजयानंतर मलिक अहमदने स्वतंत्र निजामशाहीचा पाया घातला. विजयाच्या जागी बाग निजाम नावाची बाग उठवली, आणि १४९४ मध्ये तिच्याजवळ सीना नदीच्या काठी अहमदनगर शहर वसवायला घेतले. भिंगार गाव त्याआधीचे. शहराचा जन्मच भिंगारच्या मोडलेल्या छावणीतून झाला, असे म्हणता येईल. त्या दिवशी जहांगीर खानाचा तळ त्याच्या मर्जीने उठला नाही. दुसऱ्याने तो उठवला. पुढच्या पाचशे वर्षांत या माळावर कोणाचा तळ कोण उठवतो, हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिला.

१०/ सतराव्या शतकाच्या अखेरीस या भागात आलेली छावणी तर एक चालते शहर होते. औरंगजेबाच्या मुक्कामाला तुर्की शब्द होता 'ओर्दू' किंवा 'उर्दू', म्हणजे बादशाही छावणी. हाच शब्द पश्चिमेला पोलंडमार्गे युरोपात गेला आणि इंग्रजीत 'होर्ड', म्हणजे झुंड, असा झाला. पूर्वेला तोच शब्द एका भाषेचे नाव झाला : उर्दू. एका टोकाला रानटी टोळीचा वास, दुसऱ्या टोकाला गझलेचा. शब्द एकच, छावणीचा.

११/ इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी याने १६९५ मध्ये कृष्णाकाठी गलगले येथे ही छावणी पाहिली. तिचा परीघ तीस मैलांचा आहे आणि आत अडीचशे बाजार आहेत, असे त्याने लिहिले. आकडे ऐकीव असतील, पण बाजारांचा उल्लेख महत्त्वाचा. कोणतीही मोठी छावणी नुसत्या सैनिकांवर चालत नाही. वाणी, लोहार, शिंपी, धोबी, वैद्य, सावकार, नाचगाणे करणारे, सारेच फौजेच्या मागे चालत. लढाईच्या बखरीत या माणसांची नावे क्वचित येतात.

१२/ दख्खन जिंकण्यासाठी बादशहा १६८१-८२ च्या सुमारास उत्तरेतून निघाला, तो पुन्हा दिल्लीला गेलाच नाही. मराठ्यांनी त्याला पाव शतक तंबूत ठेवले. १७०६ च्या जानेवारीत थकलेली छावणी अहमदनगरला आली आणि ३ मार्च १७०७ रोजी तेथेच त्याचा मृत्यू झाला. भिंगारजवळ आलमगीर नावाने ओळखली जाणारी जागा त्या शेवटच्या मुक्कामाची खूण सांगते. देह खुलदाबादला नेला गेला. ज्याच्या एका शब्दावर लाखोंचा तळ हलत असे, त्याला स्वतःचा तळ मात्र हलवता आला नाही.

१३/ त्यानंतर शतकभराने इंग्रज आले. १७९७ पासून अहमदनगरचा किल्ला दौलतराव शिंद्यांकडे होता. ८ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने शिड्या लावून शहराची पेठ घेतली आणि चार दिवसांनी, १२ ऑगस्टला, किल्लाही घेतला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. १८१७-१८ मध्ये पेशवाई बुडाली, अहमदनगर जिल्हा कंपनीकडे गेला, आणि किल्ल्याच्या पूर्वेला भिंगारलगत इंग्रजी फौजेचा कायम तळ पडला.

१४/ नगरचा किल्ला गमावलेल्या त्याच दौलतरावांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली आपला तळ दिला. तो तळ उठलाच नाही. डेऱ्यांच्या जागी वाडे आले, पालांच्या जागी पेठा आल्या, आणि त्या शहराचे नाव आजही 'लष्कर' आहे. पुण्याच्या कॅम्पलाही जुने पुणेकर लष्करच म्हणतात. म्हणजे मुक्कामाचे गाव करण्याची रीत इंग्रजांनी येथे आणली नाही. त्यांनी आणला तो शब्द, आणि त्याबरोबर कागद.

१५/ तो कागदी शब्द म्हणजे 'कँटोन्मेंट'. मुळात इटालियन 'कांतो' म्हणजे कोपरा. त्यावरून फ्रेंचमध्ये सैन्याला कोपऱ्याकोपऱ्यांत विभागून राहायला जागा देणे, असा अर्थ झाला. तीही युरोपात तात्पुरतीच सोय, बहुधा हिवाळ्यापुरती. हिंदुस्थानात मात्र कंपनीची फौज परत जाण्यासाठी आलेली नव्हती. म्हणून तात्पुरत्या सोयीचा शब्द कायमच्या वसाहतीला लागला. आपल्या छावणीला पावसाची मुदत होती, कँटोन्मेंटला मुदतच नव्हती.

१६/ या वसाहतीला कायद्याची चौकट मिळण्यामागे लढाईपेक्षा रोगराईचा हात मोठा होता. हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने १८६३ मध्ये अहवाल दिला. या सैनिकांत दरवर्षी हजारी ६९ मृत्यू होत असल्याचे त्याने दाखवले. शत्रूपेक्षा पटकी आणि ताप जास्त माणसे नेत होते. १८६४ मध्ये छावण्यांचा कायदा आला. पुढे १९२४ आणि २००६ चे कायदे आले. स्वच्छ पाणी, रुंद रस्ते, दूर दूर बराकी, आणि त्यांच्यापासून वेगळा राखलेला 'सदर बाजार', ही प्रत्येक छावणीची ओळख झाली.

१७/ बाजार वेगळा राखला, पण त्याच्यावाचून बराकींचे चालत नव्हते. पाव, मांस, दूध, गणवेश, बूट, घोड्यांचा दाणा, सारे तेथूनच येई. औरंगजेबाच्या छावणीतली तीच माणसे येथे पुन्हा भेटतात, फक्त आता ती फौजेच्या मागे चालत नाहीत. पलटणी बदलत राहिल्या. आज आलेली तीन वर्षांनी गेली. बाजारातली माणसे मात्र पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहिली. कॅम्पातले खरे कायमचे रहिवासी ज्यांच्यासाठी कॅम्प उभारला ते नव्हते.

१८/ या शब्दाचा काळा अर्थही नगरने जवळून पाहिला. १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकरी इंग्रजांशी लढले. पकडलेल्या बोअरांपैकी काहींना समुद्रापार हिंदुस्थानात धाडले गेले, आणि १९०१ मध्ये अहमदनगरला त्यांचा कॅम्प होता. त्याच वेळी तिकडे त्यांच्या बायकामुलांना 'कॉन्सन्ट्रेशन कॅम्प' मध्ये कोंडले होते. तेथे उपासमारीने आणि रोगाने सुमारे २८,००० बोअर मेले, त्यांत बहुसंख्य मुले. आफ्रिकी लोकांसाठी वेगळे कॅम्प होते. तेथेही हजारो मेले, पण त्यांची मोजदाद नीट ठेवली गेली नाही.

१९/ पहिल्या महायुद्धात अहमदनगरला जर्मन नागरिकांचा मोठा बंदिवास कॅम्प होता. व्यापारी, मिशनरी, खलाशी असे लोक त्यात होते. १९३९ मध्ये पुन्हा तेच झाले. ऑस्ट्रियाचा गिर्यारोहक हाइनरिश हारर कराचीत पकडला गेला. त्याला आधी अहमदनगर, मग देवळाली, मग देहरादून येथे ठेवले. तेथून तो पळाला आणि तिबेटात पोहोचला. या काळातल्या जर्मन छळांच्या जागांना मराठीने पुढे स्वतःचा शब्द घडवला : छळछावणी. पावसापासून वाचवणाऱ्या छपराचा शब्द माणसे मारण्याच्या जागेला लागला.

२०/ देवळालीच्या कॅम्पने तर इंग्रजीला उलट एक शब्द दिला. मायदेशी जाणारे गोरे सैनिक जहाजाची वाट पाहत तेथे महिनोन्‌महिने पडून राहत. उकाडा, रिकामपण, आजार. त्या अवस्थेला ते 'डूलाली टॅप' म्हणू लागले : देवळालीचा ताप. आजही इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे डोके फिरलेला. इंग्रजी कोशात बसलेला हा ताप अस्सल आपला आहे. जाण्याची तारीख आपल्या हाती नसली, की कॅम्प माणसाचे काय करतो, याची त्या एका शब्दात नोंद आहे.

२१/ स्वातंत्र्यानंतर कॅम्पला तिसरेच रहिवासी मिळाले. कल्याणजवळच्या लष्करी कॅम्पात फाळणीने उखडलेले सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. पण तेथे पत्ता सांगताना आजही 'कॅम्प नंबर चार', 'कॅम्प नंबर पाच' असेच सांगतात. बराकींत पडदे लावून राहिलेल्या माणसांनी त्यातून कारखाने आणि बाजारपेठा उभ्या केल्या. ते परत जाऊ शकत नव्हते, म्हणून त्यांनी कॅम्पलाच गाव केले.

२२/ आणि नगर जिल्ह्याच्या दुष्काळी गावांत 'छावणी' म्हटले की आजही आधी फौज आठवत नाही, गुरे आठवतात. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात येथे चारा छावण्या उघडल्या. शेतकरी बैल, गायी घेऊन तेथे जात आणि जनावरांशेजारीच रात्र काढत. डोक्यावर छप्पर, समोर चारा, आणि पाऊस आला की घरी. फक्त जुनी छावणी पावसापासून आसरा देई, ही पावसाची वाट पाहते. शब्दाचा मूळ धर्म, आच्छादन देणे, तो इतक्या शतकांनंतर येथे पाळला गेला.

२३/ आता भिंगारकडे परत. आज तेथे चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, यांत्रिक पायदळाचे केंद्र आहे, आणि १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. बाजूलाच छावणी हद्दीतली नागरी वस्ती आहे. देशातल्या अनेक छावण्यांत 'ओल्ड ग्रँट' नावाची जुनी पद्धत चालत आली : वर बांधलेले घर रहिवाशाचे, खालची जमीन सरकारची, आणि सरकारला हवी तेव्हा ती परत घेण्याचा हक्क राखलेला. घर पिढ्यांचे असते, पण कागदावर ते अजून मुक्कामच असते.

२४/ २०२३ मध्ये हिमाचलातल्या खास योल छावणीचा नागरी भाग लष्करी कारभारातून वेगळा करण्यात आला, आणि देशभरातल्या छावण्यांच्या नागरी वस्त्या शेजारच्या नगरपालिका-महापालिकांना जोडण्याचे धोरण पुढे आले. भिंगारमध्येही हा विषय चर्चेत आहे. घरपट्टी किती होईल, बांधकामाची परवानगी कोण देईल, पाणी कोठून येईल, जमिनीचे काय, हे प्रश्न तेथे रोजचे आहेत. त्यामागचा जुना प्रश्न असा : फौजेसाठी वसवलेल्या तळावर जे मागे राहिले, ते रहिवासी की अजूनही बाजारबुणगे?

२५/ मैदान, लढाई, तळ, वसाहत, बंदिवास, निर्वासितांची वस्ती, गुरांचा आसरा. एवढे अर्थ या शब्दाने आणि त्याच्या मराठी भावंडांनी पेलले. तंबू किंवा बराक यांवरून कॅम्पचा अर्थ ठरत नाही. तो उठवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, यावरून ठरतो. मोहिमेवरचा सैनिक, कोंडलेला बोअर, वाट पाहणारा शेतकरी आणि सदर बाजारातला दुकानदार, चौघेही कॅम्पात, पण चौघांचा कॅम्प निराळा.

२६/ चेस्टरच्या लोकांना आज कोणी 'तुमचा कास्त्रा कधी उठणार' असे विचारत नाही. ग्वाल्हेरच्या लष्करात राहणाऱ्याला कोणी शिंद्यांच्या फौजेतला समजत नाही. नावात तळ राहिला, आयुष्यातला उठला. भिंगारची नागरी वस्ती उद्या कोणत्याही हद्दीत गेली, तरी 'कॅम्प' हे नाव बहुधा तेथेच राहील. ते केवळ नाव म्हणून राहावे आणि पायाखालची जमीन आपली व्हावी, एवढीच तेथल्या जुन्या रहिवाशांची अपेक्षा आहे.